मेंगसाहेबांच्या नाकाचा वाकडा रस्ता

नाक या विषयात कोरियातल्या अख्ख्या देजॉन शहरात माझा हात धरणारा कोणी नाही! अकरा वर्षं मी लोकांच्या नाकात डोकावतोय. बायको म्हणते, माझ्याशी बोलतानासुद्धा तुमची नजर नाकपुड्यांवरच असते. असते!

कारण मेंदू हा भलता माणूसघाणा अवयव आहे. गोळी गिळा, इंजेक्शन घ्या, रक्तातून आलेलं बहुतेक औषध तो दारातूनच परत पाठवतो. पण नाकाच्या छताला वासाच्या नसा असतात आणि त्या थेट मेंदूत जातात. तिथे औषधाचा फवारा पोचला की काम फत्ते. हात थरथरणाऱ्या रुग्णांसाठी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असाच फवारा बनवत होतो. सरकारी समिती तो बघायला येणार होती. तिला पटलं तर आणखी तीन वर्षं अनुदान, नाहीतर आम्ही अकराजण घरी!

प्रात्यक्षिकासाठी सिलिकॉनचं पारदर्शक नाक करायचं ठरलं. संचालक मेंगसाहेब गरजले, "मॉडेल माझ्याच नाकाचं हवं! नेत्याने पुढे असावं!"

साहेबांचं नाक स्कॅन झालं, मॉडेल तयार झालं. मी आणि माझी सहकारी ओक-जू, आम्ही त्यात निळं पाणी फवारलं. पाणी आतल्या वाकड्या पडद्यावर आपटलं आणि आल्या पावली परत येऊन टेबलावर टपटपलं. अकरा वेळा!

"सर," ओक-जू म्हणाली, "साहेबांच्या मेंदूकडे जायला पाणीसुद्धा तयार नाही."

"हे त्यांना तू सांग."

"मी? तुम्ही सिनियर आहात!"

सिनियर माणसाने जे करायचं तेच मी केलं. लबाडी! आमच्याकडे आधीच्या चाचण्यांसाठी केलेली चाळीस जणांच्या नाकांची मॉडेल्स होती. त्यात कँटीनच्या बोंग-सुन मावशींचं नाक म्हणजे साक्षात हमरस्ता. त्यावर एक चामखीळ होती, ती मी ब्लेडने उडवली आणि खाली चिठ्ठी लावली: 'संचालक मेंग'.

समिती आली. अध्यक्ष डॉक्टर गुकबाई, तीस वर्षं नाक-कान-घसा बघितलेल्या. मी फवारा मारला. निळं पाणी सरसर छताला भिडलं! टाळ्या!

"हे माझंच नाक!" साहेब छाती फुगवून म्हणाले. "लहानपणापासून वाट मोकळी!"

गुकबाईंनी चष्मा नीट केला. "पण संचालक, तुमचं नाक डावीकडे झुकलंय. मॉडेल तर सरळसोट आहे!"

"बाहेरून वाकडं, आतून सरळ!"

"असं नाक मी जन्मात पाहिलं नाही! कॅमेरा घालून बघू?"

"बघा ना! प्यो, आण कॅमेरा!" साहेबांनी मला फर्मावलं.

"मॅडम, तो बिघडलाय," मी घाईघाईने म्हणालो.

"नाही हो सर!" मागून ओक-जू. "सकाळी तर चालू होता!"

झालं! नळी साहेबांच्या नाकात शिरली आणि भिंतभर पडद्यावर एक गुलाबी भिंत उभी राहिली. रस्ता बंद! साहेब असे शिंकले की समितीचे कागद उडाले. तेवढ्यात बोंग-सुन मावशी सातूच्या चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"अगं बाई, माझं नाक!" त्या मॉडेलकडे बघून ओरडल्या. "पण माझी चामखीळ कुठे गेली?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मला तिथेच विरघळून जावंसं वाटलं.

"मी बदललं, मॅडम," मी म्हणालो. "साहेबांच्या नाकात औषध वर चढत नाही."

"आणि चाळीसांपैकी किती जणांच्या चढतं?"

"सव्वीस."

"अहवालात तर सगळ्यांच्या लिहिलंय!"

"वाकडी चौदा नाकं... वगळली."

"कोणी सांगितलं?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब रुमालात तोंड घालून बसले होते. "आम्ही सगळ्यांनी मिळून," मी म्हणालो.

गुकबाईंनी चहा बाजूला सारला. "माझ्या सासऱ्यांना भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नाही. चमचा अर्ध्यात सांडतो. त्यांचं नाकही वाकडंच आहे. त्यांना काय सांगू, नाक सरळ करून या?"

मला पहिल्यांदाच नाकाऐवजी माणूस दिसला आणि मान वर होईना.

शेवटी निकाल लागला. अनुदान सहा महिनेच मिळेल, तेवढ्यात वाकड्या नाकातही औषध वर पोचवणारी फवाऱ्याची तोटी बनवायची, आणि चाचणी संचालकांच्या स्वतःच्या नाकावर करायची! मग दर मंगळवारी साहेब खुर्चीत मान मागे टाकून पडायचे, मी निळं पाणी मारायचो, साहेब शिंकायचे, माझा कोट निळा व्हायचा. सतरा तोट्या फुकट गेल्या.

परवा अठरावी लावली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चार निळे थेंब वळसा घालून थेट छताला टेकले! ओक-जू किंचाळली, मावशींनी टाळ्या पिटल्या, माझे तर डोळेच भरून आले.

साहेब उठले, नाक पुसलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारत म्हणाले, "प्यो, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो ना, खरी गंमत वाकड्या नाकातच आहे!"

मी काय केलं? "हो साहेब" म्हणालो. दोनदा!