सायकल तळ्यावर गेली

साहेब, दोष तुमचा आहे. उन्हाचा नाही, रस्त्याचा नाही, आणि वामनचा तर मुळीच नाही. ऐन वैशाखात, जव्हार संस्थानच्या कचेरीत वाळ्याच्या पडद्याआड बसून तुम्ही हुकूम काढलात: उमेदवार वामन याने नव्या सरकारी सायकलीवरून एकट्याने काळ्या तळ्यावर जावे, शिकारीस येणाऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामाला पाणी पुरेल की नाही ते मोजावे, वाटेतल्या गावागावाचा अंगठा कागदावर घ्यावा आणि पाचव्या दिवशी हजर व्हावे. नकाशावर तुम्ही बोट फिरवलंत. बोटाला चढ लागत नाही.

वामन तीन वर्षं उमेदवार होता. उमेदवार म्हणजे काम कारकुनाचं आणि नाव कुठल्याच यादीत नाही. एवढ्याचसाठी सासऱ्याने गोदीला दिवाळीपासून माहेरी ठेवून घेतलं होतं. "सरकारी यादीत नाव चढलं की बायको घेऊन जा," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. आणि तुमचे शिरस्तेदार म्हणाले, "एवढं काम करून या, नाव चढवतो." मग काय, वामन निघाला. मागे वळकटी, पुढे पाण्याचा चंबू, दांड्याला भाकरीचं फडकं, पाणी मोजायला गाठी मारलेली दोरी आणि कागदांची पिशवी. सायकल कमी आणि लग्नाचं बिऱ्हाड जास्त दिसत होतं.

जामसर मागे पडलं आणि पुढचं चाक फुटलं. त्याला सोबत म्हणून जरा वेळाने मागचंही फुटलं. बंदुकीचे बार समजून झाडामागे लपलेले दोन गावकरी, फागू आणि सुकऱ्या, हळूच बाहेर आले.

"ही सरकारी हाय का?" फागूने सायकलीकडे बोट दाखवलं.

"सरकारी आहे. नवी कोरी."

"मंग उचलाया लागल." फागूने उसासा टाकला आणि सुकऱ्याला बांबू आणायला पिटाळलं.

"अरे, मी ढकलत नेतो की."

"तसा नाय चालं, रावसाहेब. सरकारी वझं गावात अडला त आमी पुढल्या शिवेवर पोचवाचा. तिथून पुढलं गाव नेल, तिथून त्याच्या पुढलं. ही वेठ हाय. नाय नेला त पाटील आमची कातडी काढल." मग त्याने वामनला खालून वर पाहिलं. "आन तू? तू सरकारी हायस का?"

"मी उमेदवार आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे... अजून नाही."

"मंग तू चाल," फागू म्हणाला.

सायकल बांबूला टांगून निघाली आणि वामन तिच्यामागून चालत निघाला. बूट चावायला लागले, ते त्याने सायकलीला अडकवले. पगडीत डोकं भाजायला लागलं, ती हँडलच्या मुठीवर ठेवली. शिवेवर एका आंब्याखाली तो घटकाभर टेकला, आणि डोळा लागला. जागा झाला तेव्हा सावली सरकली होती, सायकल नव्हती. फागू रिकामा बांबू घेऊन परत चालला होता.

"सायकल कुठे गेली?"

"पुढल्या गावानी नेली. वझं थांबत नाय, दादा."

"मला उठवायचं तरी."

"तुला कसाला उठवू? तू वझ्यात नाय."

रावसाहेबाचा दादा झाला, हे वामनच्या ध्यानात आलं. पण रागवायला तोंडात थुंकीही उरली नव्हती. चंबू सायकलीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढच्या गावात पोचला तो अनवाणी, बोडका आणि लाल. ढवळू पाटील दारात एका भल्या मोठ्या पत्र्याच्या टबापाशी उभा होता. शिकारी पाहुण्यांच्या आंघोळीचा टब. तोही तळ्यावरच निघाला होता, आणि उचलायला एक माणूस कमी पडत होता.

"बरा आलास. धर," पाटील म्हणाला.

"अहो पाटील, मी कचेरीतला माणूस."

"कचेरीतल्या माणसाच्या पायात जोडा असतो."

"माझे बूट सायकलीवर गेले."

"कागद दाखीव."

"तेही सायकलीवर."

पाटलाने विचार केला. "मंग सायकल कचेरीतली. तू धर. नाव काय?"

वामनने नाव सांगितलं, ते टबाच्या चिठ्ठीवर चढलं. चिठ्ठीवरची तारीख त्याने वाचली. टब त्याच्या हुकमाच्याच तारखेला निघाला होता. पुढे प्रत्येक शिवेवर दुसरा माणूस बदलला, वामन बदलला नाही. जातोच आहे तिकडे, तर असू दे, असं गावोगावच्या पाटलांचं एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी काळं तळं आलं. टब खाली ठेवून वामनने आधी सायकल शोधली.

"ती काल आली आन काल गेली," चैती म्हातारी म्हणाली. तळ्याकाठच्या पाड्यावरची ही बाई करवंटीने पाणी भरत होती. "पुढं इंग्रजांचा मोखाडा. तिकडं आमची वेठ नाय चालं. मंग माघारी लावून दिली. पर आली तवा लय तापली होती रे. हात लावला त चटका. सरकारी जिनगी आमच्या गावात मेली, त कोण भोगल? मंग तिला डवऱ्यात बसवली, म्हशीवानी. पार खोगिराला पाणी लागला."

डवरा म्हणजे आटलेल्या तळ्यात मधोमध खणलेला खड्डा. रात्रभर जे झिरपेल ते दोन पाडे दिवसभर पीत होते. "आता पाण्याला तेलाचा वास येतो," चैती म्हणाली आणि तरी तिने करवंटी त्याच्यापुढे केली. तो प्यायला. वास येत होता.

मग वामन सगळं तळं चालून आला. डवरा सोडला तर चिखलपाणी कुठेही घोट्याच्या वर चढलं नाही.

"आजी, मी आलो होतो म्हणून अंगठा दे."

"अंगठा कालच दिला. सायकलीच्या कागदावर."

पाचव्या दिवशी तो जव्हारला पोचला. सायकल कचेरीच्या ओट्यावर उभी होती, मुठीवर पगडी घालून. शिरस्तेदार खोगिराखालची चिखलाची रेघ मोजत होते.

"दोन हात पाणी," ते समाधानाने म्हणाले. "पाहुणे, घोडी, टब, सगळ्याला पुरेल."

"शिरस्तेदारसाहेब, घोट्याएवढं आहे. मी स्वतः उभा राहिलो."

"तुम्ही तिथे होता याला अंगठा?"

वामनने सायकलीवरच्या कागदांच्या पिशवीकडे बोट केलं.

"सायकलीपाशी अकरा आहेत." शिरस्तेदारांनी दुसरी चिठ्ठी उलटली. "वामन नावाचा एक इसम मात्र टबाखाली दिसतो. टब कुठे चेपला नाही म्हणे. अशी माणसं लागतातच."

सायकलीची सरकारी जिनगीत, म्हणजे मालमत्तेत, नोंद झाली. वामनचंही नाव चढलं, मुक्कामाच्या वेठ्यांच्या यादीत. नाव चढल्याची बातमी सासऱ्याकडे पोचली, यादी कुठली ते वाटेत गळलं, आणि तिसऱ्या दिवशी गोदी गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

"कुठल्या यादीत चढलं?" तिने विचारलं.

वामनने सगळं सांगितलं. फागू, टब, डवरा, चिठ्ठीवरची तारीख. तिने मधे तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला, ते कळलं नाही. मग म्हणाली, "मोजणी व्हायच्या आधीच टब निघाला होता, तर तुम्हाला पाणी मोजायला कशाला धाडलं?"

वामन म्हणाला, ते साहेबांनाच माहीत. म्हणून ती कालपासून कचेरीच्या पायरीवर बसली आहे, सायकलीच्या शेजारी. गाठोडं अजून सोडलेलं नाही. पडदा बाजूला करा, साहेब, आणि तिला सांगा.