कॅनव्हासचे बनियन

पोहून आलेल्या माणसाचे केस ओले असतात, एवढे तर कुणालाही कळते. त्यामुळे मासा संध्याकाळी तलावावरून परतला तेव्हा केस कोरडे, टॉवेलची घडी जशीच्या तशी आणि ओले काय ते फक्त डोळे, हे पाहून ताईच्या कपाळावर आठी उभी राहिली. मासा हे काही त्याचे खरे नाव नव्हे. पण पाण्यात पडला की त्याला बाहेर काढताना सगळ्यांच्या नाकी नऊ येत, म्हणून घरी आणि शाळेत सगळे त्याला तेच म्हणत. असा मुलगा तलावावर जाऊन कोरडा परत येतो म्हणजे काहीतरी भयंकर घडले आहे.

तो सरळ न्हाणीघरात गेला आणि आतून कडी लावली. ताई दाराला चिकटली.

"कुणी मारलं का? मला फक्त नाव सांग."

"कुणी मारलं नाही. जा तू."

ताई जाणाऱ्यांतली नव्हती. ती तिथेच बसून राहिली आणि दाराच्या फटीतून तुकड्यातुकड्यांनी जे बाहेर आले ते असे. माशाची छाती फुगली होती. दोन्हीकडे, पण डावीकडे जरा जास्त. आत गोटीसारखे काहीतरी लागे आणि धक्का लागला की दुखे. इतके दिवस तो टॉवेल खांद्यावरून पुढे घेऊन कसाबसा पाण्यात शिरत होता. आज टॉवेल निसटला, आणि संघातल्याच एका मुलाने मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीकडे बोट दाखवून "तुझं दार तिकडे" असे म्हटले. सगळे हसले. मासा टी-शर्ट चढवून पायऱ्यांवर बसून राहिला. आता शनिवारी शाळाशाळांची रिले शर्यत, तिचा शेवटचा टप्पा माशाचा, आणि सरांनी स्वच्छ सांगितलेले की शर्यतीत टी-शर्ट चालणार नाही. ज्याला लाज वाटते त्याच्या जागी राखीव मुलगा उतरेल. माशाला वर्षभर फक्त ही शर्यत दिसत होती. झोपेतसुद्धा तो पाय मारायचा.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बोट दाखवणाऱ्या मुलाचे काय काय करता येईल याचा तिने मनात आराखडा काढला, आणि मग तो आराखडा बाजूला ठेवून आईच्या कानात हळूच सगळे सांगितले. चूक इथेच झाली. कारण या घरात हळूच असे काही नसते. पुढची खोली म्हणजे बाबांचे दुकान. बाबा सोफे बनवत आणि जुन्या सोफ्यांना नवी कव्हरे शिवत. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता प्लायवुडचा पडदा. शिलाई मशीन चालू असले तर बोला खुशाल. ताई बोलत होती आणि मशीन बंद पडले.

बाबा आत आले ते दातांत टाचण्या धरूनच.

"काय फुगलंय म्हणे?"

मग जे सुरू झाले ते रात्रीच्या जेवणापर्यंत संपले नाही. बाबांचा राग तसा कायम नाकावरच असे, पण आज तो सगळ्या चेहऱ्यावर पसरला. हे सगळे लोळण्याचे परिणाम आहेत, असे त्यांचे म्हणणे. मोबाइल, उशिरा उठणे आणि बेकरीची बिस्किटे. आई म्हणाली, पोरगा तासन् तास पोहतो, तो लोळतो कधी? यावर बाबा म्हणाले की तू मध्ये बोलू नकोस. यावर आईही चिडली. फोनवरून आत्या चिडली, कारण तिला सगळ्यात शेवटी कळले होते. तिने दूध बंद करा, सोयाबीन बंद करा आणि त्याला पालथे झोपवा, असे तीन हुकूम सोडले आणि हे कुणाला सांगू नका म्हणून बजावले. तासाभरात आत्याच्या दोन शेजारणींचे फोन आले.

"आपण डॉक्टरकडे जाऊ या ना," ताई म्हणाली.

"डॉक्टरकडे? आणि काय सांगायचं तिथे?" बाबा कडाडले. "चार लोकांत शोभा करायची पोराची? चरबी आहे ती. घाल दंड."

माशाने दंड घातले. दुखणारी छाती जमिनीला टेकवून, बाबांच्या देखरेखीखाली, कुशनच्या ढिगाशेजारी. दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट लागला तरी तो कळवळू लागला. ताईने बाबांना चांगलेच सुनावले. बाबांनी ताईला सुनावले. आणि मग बाबा एकदम गप्प झाले, कापडाच्या गुंडाळ्यांकडे बघत उभे राहिले. ते गप्प झाले की घरातल्यांना जास्त भीती वाटे.

आता सोफे बनवणाऱ्या माणसाचे डोके कसे चालते ते समजून घ्यायला हवे. त्याच्या जगात फुगवटा हे दुखणेच नाही. फोम कितीही वर येऊ दे, खालून इलॅस्टिकचा पट्टा ओढायचा, वरून जाड कापड ताणायचे, खिळे मारायचे, की फुगवटा मुकाट्याने बसतो. सगळ्या आयुष्यात एकाही कुशनने बाबांना उलट उत्तर दिले नव्हते. त्यांनी गुंडाळीतून पांढरे कॅनव्हास फाडले, त्याला आडवे पट्टे लावले, पाठीमागे सोफ्याच्या गादीची जाडजूड चेन बसवली, आणि जेवणाआधी माशासाठी बनियन तयार झाले.

"हे घालायचं. शनिवारपर्यंत सपाट."

"बाबा, तो माणूस आहे," ताई म्हणाली. "दिवाण नाही."

पण मासा स्वतःच बनियन घालायला पुढे झाला. शनिवारपर्यंत सपाट, हे दोनच शब्द त्याला ऐकू आले होते. आरशात तो खरोखर सपाट दिसत होता. थोडा निळाही दिसत होता, पण ते त्याने मनावर घेतले नाही.

सकाळी सरावाला जाताना बनियन उतरवायचे ठरले होते. चेन अडकली. बाबांनी मेण लावले, साबण लावला, पक्कड लावली. चेन हलेना. उशीर होत होता. मासा वरून टी-शर्ट घालून तसाच पळाला. सरावात सर टी-शर्टला काही म्हणत नसत, पण आज उतरला नाहीस तर शनिवारी राखीव मुलगा, एवढे मात्र म्हणाले. मासा उतरला.

नवे कॅनव्हास पाण्यात आटते. सोफ्याच्या धंद्यातल्या कुणालाही हे माहीत असते. बाबा तर एरवी कापड कापण्याआधी रात्रभर बादलीत भिजवून ठेवत आणि जे ठेवत नाहीत त्यांना नावे ठेवत. पण काल रागाच्या भरात त्यांनी ते कोरेच शिवले होते. मासा दोन फेऱ्या बरा पोहला. तिसऱ्या फेरीत बनियन आवळू लागले. चौथीत त्याला हात डोक्याच्या वर नेता येईना, आणि संघातला सगळ्यात चपळ पोहणारा दोरीला धरून ओंडक्यासारखा तरंगू लागला. सरांनी त्याला बांबूने ओढून काढले. पाठीवर हात फिरवला तर हाताला चेन लागली. सरांनी घरी फोन केला तेव्हा ते इतके चिडलेले होते की आईला आधी वाटले, माशाने कुणाला तरी मारले.

तलावावर बाबा टेम्पो घेऊन पोचले. मागे आई आणि ताई, सोफ्याच्या एका सांगाड्याला धरून. सर कात्री घेऊन तयारच होते.

"थांबा हो," बाबा म्हणाले. "चांगलं कॅनव्हास आहे."

"मुलाला श्वास घेता येत नाहीये," सर म्हणाले.

"चेन उसवतो मी. कापायची काय गरज?"

सरांनी बाबांकडे असे पाहिले की बाबा बाजूला सरकले. पण सरांची कात्री होती कागद कापायची. ती कॅनव्हासवरून नुसती घसरली. बाबांची कात्री दुकानात राहिली होती. तेव्हा गुंडाळलेल्या माशाला टेम्पोत बसवून सगळे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माशाला पुढून पाहिले, मागून पाहिले, चेनला हात लावला आणि विचारले की याला कव्हर कुणी घातले.

डॉक्टरांनी प्लास्टर कापायची कात्री काढली, बनियन उभे चिरले, आणि माशाने इतका लांब श्वास घेतला की टेबलावरचा कागद हलला. छाती तपासून झाल्यावर, वळ उठले होते तिथे मलम लावून झाल्यावर डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि मग त्यांनी सगळ्यांना धारेवर धरले. ही चरबी नव्हे, म्हणाल्या. या वयात मुलाच्या शरीरात हार्मोन्सचे चढउतार होतात, त्यात छातीतली ग्रंथी थोडी वाढते. जवळजवळ निम्म्या मुलांना कमीजास्त होतेच, फक्त सगळे टॉवेल घेऊन फिरतात म्हणून कुणाला कळत नाही. वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचे आपोआप ओसरते. पट्टा नको, मालिश नको, दंड नकोत, दूधही बंद करायचे कारण नाही. भरभर वाढले, गाठ कडक लागली किंवा स्राव आला तर मात्र लगेच यायचे.

"म्हणजे शनिवारी पोहू शकतो?" माशाने विचारले.

"वळ दुखले नाहीत तर खुशाल पोह. पोहायचं थांबवायला कुणी सांगितलं तुला?"

माशाचा चेहरा उजळला. आईने डोळे पुसले. ताईने बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिले. आणि तेवढ्यात बाबांचा स्फोट झाला.

"आपोआप जातं म्हणे. मी तिशी ओलांडली, चाळिशी ओलांडली. माझं गेलं का?"

बाबांनी आपण काय बोललो ते ऐकले आणि दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले. त्यांच्या शर्टाच्या आतून पट्टा करकरला.

"तो पाठीचा पट्टा ना?" आई म्हणाली. "सोफे उचलता म्हणून लावता ना?"

बाबा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहू लागले. शाळेत असल्यापासून, ते कसेबसे म्हणाले. तेव्हा पोरं फार बोलायची. तलाव होता गावात. पोहता येत होतं मला.

इतकी वर्षे बाबांना पाण्याचा तिटकारा आहे असेच घरात सगळे समजत होते. ताईला बाबांवर रागावायचे होते, तिने तशी तयारीही केली होती, पण राग कुठे ठेवावा ते तिला एकदम कळेना.

"अहो, मला तर वाटायचं, वजनं उचलून छाती भरलीय," आई म्हणाली. "चांगली दिसते की."

डॉक्टरांनी माशाला खाली उतरवले आणि टेबलावर बाबांना बसवले. इतकी वर्षे राहिलेली गाठ औषधाने सहसा जात नाही, त्रास वाटत असेल तर छोटी शस्त्रक्रिया करता येते, असे त्यांनी सांगितले. पण मोठ्या माणसात कारण बघावेच लागते. थायरॉइड, यकृत, सगळे. मग त्यांनी गोळ्या कोणत्या घेता असे विचारले. बाबा ॲसिडिटीच्या गोळ्या घेत, कुणालाही न विचारता, पोटात आग पडते म्हणून. काही गोळ्यांनीही हे वाढते, असे डॉक्टर म्हणाल्या, उद्या पाकीट घेऊन या आणि उपाशीपोटी रक्त द्यायला या. सुईचे नाव काढताच बाबांचा आवाज बसला. परत येताना टेम्पोत ते एकदाही कुणावर ओरडले नाहीत. घरच्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटले.

शनिवारी तलावाभोवतीच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. माशाचा संघ दुसऱ्या लेनमध्ये. तिसरा मुलगा पाण्यात झेपावला तशी माशाची पाळी जवळ आली. तो उडी मारायच्या पेटीवर चढला, टी-शर्टची कड धरली आणि तसाच उभा राहिला. त्याने डोळे मिटले, टी-शर्ट डोक्यावरून ओढून फेकला.

पलीकडच्या पायऱ्यांवरून एक शिट्टी आली. मग काहीजण हसले. मासा हलला नाही. त्याने पोहायचा चष्मा नीट केला, वाकून पोझिशन घेतली. त्याचे त्याने जिंकले होते. तिथेच सगळे थांबायला हवे होते.

पण बाबा उभे राहिले. आईने त्यांचा शर्ट ओढला, ताईने हात धरला, काही उपयोग झाला नाही. सोफा उचलायला चार माणसांना हाक मारणारा तो आवाज सगळ्या तलावावरून फिरला.

"हसतोस काय रे? त्याचं दोन वर्षांत जाणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. माझं बघ, अजून आहे. बोल मला काय बोलायचं ते. पट्टासुद्धा नाही लावला आज."

आणि त्यांनी शर्टाची वरची बटणे काढायला घेतली.

सगळे पोहणारे, पंच, सर आणि पायऱ्यांवरची माणसे बाबांकडे वळली. माशाला कानाच्या पाळीपर्यंत इतकी लाज आली की कुठेतरी दडी मारावी एवढेच त्याला सुचले, आणि समोर पाणी होते. त्याने उडी मारली. तिसरा मुलगा अजून अर्ध्या वाटेवर होता.

पंचांनी झेंडा वर केला. आधीचा कठड्याला टेकण्याआधीच उडी, म्हणून संघ बाद.

पाण्यातून वर आलेला मासा कठड्यावर चढला आणि सरळ पायऱ्यांकडे चालू लागला. उघडा, ओला, छाती पुढे काढून, दोन्ही हात कमरेवर. आयुष्यात तो एवढा कधी चिडला नव्हता. त्याने बाबांना सगळ्यांदेखत विचारले की तुम्हाला गप्प बसता येत नाही का, वर्षभर सराव केला होता, सगळ्यांसमोर शर्ट कोण काढतं, लाज कशी वाटत नाही. तलाव गच्च भरलेला होता आणि एकूण एक माणूस माशाकडेच पाहत होता. बाबा मान खाली घालून बटणे लावत होते.

ताई खाली धावली आणि तिने टॉवेल पुढे केला.

"धर तो," मासा म्हणाला. "माझं बोलून नाही झालं अजून."