अनंतरावांचं जर्मन

"आज अकराला तो माणूस येणार. गाडी पास झाली तर ऱ्हाऊ द्या. नापास झाली, की त्या शेडात माझी पिठाची गिरणी बसणार. बोलणं झालंय आपलं!" लीलाकाकूंनी नवऱ्यापुढं चहाचा कप ठेवला की आदळला, ते सांगणं अवघड.

परभणीतल्या त्या पत्र्याच्या शेडात बासष्ट सालची फियाट उभी होती. गणिताचे निवृत्त शिक्षक अनंतराव यांच्या वडिलांची. मास्तरांचा तिच्यावर भारी जीव! संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती जावी म्हणून त्यांनी फोनवरूनच अर्ज भरला होता. "जाळी, पट्ट्या, चाकांच्या टोप्या, सगळं ओरिजिनल जर्मन आहे," असं अभिमानानं सांगितलंही होतं. आता परभणीकडं ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम म्हणतंय कोण? जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, तशी जर्मनची जाळी. पण फोनवरच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार!

आदल्याच दिवशी पॉलिशवाल्या बजरंगनं ते सगळे भाग घासून आणून दिले होते. "सर, तोंड बघून दाढी करा!" मास्तरांनी खरंच मिशी बघून घेतली आणि सकाळी आठला प्रदर्शनाचे परीक्षक बन्सीधररावांना आनंदानं फोन लावला.

"साहेब, आरशासारखं चमकायलंय सगळं!"

पलीकडून आवाज आला, "आरसा? अहो, त्या काळी कंपनीतून आरसा निघत नव्हता. दबकी झळाळी असायची, बारीक रेघांची. आरसा केला असेल तर गाडी बादच. पण निघालोय, येतो. परभणीत जर्मन गाडी म्हणजे बघायलाच हवी."

"जर्मन गाडी? अहो, ती..." फोन कटला.

मास्तरांनी हिशेब मांडला. एक चूक बजरंगची, दुसरी स्वतःची, आणि वेळ तीन तासांचा. साबणानं तरी थोडी चमक मरेल म्हणून त्यांनी सगळे भाग मोरीत भिजत घातले आणि स्कूटर बजरंगकडं पिटाळली.

"सर, चमक आणता येती. माघारी न्हेता येत न्हाई," बजरंग म्हणाला आणि वर चहा पाजला.

साडेनवाला मास्तर घरी आले, तर घासलेल्या भांड्यांच्या रांगेत जाळी, पट्ट्या आणि टोप्या वाळत पडलेल्या. शेजारी भांडीवाली कडूबाई हात पुसत उभी.

"कडूबाई! हे काय केलंस गं?"

"मोरीत जर्मन दिसलं, घासलं. बंबातली राख अन् काथ्या. लय चिकट होतं, कुनी मेण हाणलं होतं की काय!"

मास्तर ओट्यावर बसले. बापाची गाडी गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. लीलाकाकू टेप घेऊन शेडाकडं गेल्या, पण नवऱ्याचा चेहरा बघून मापं काही त्यांनी मोठ्यानं वाचली नाहीत.

अकराला बन्सीधरराव आले. खिशातून भिंग काढलं, पट्टीवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"हे कुणी केलं?"

सगळ्यांची बोटं कडूबाईकडं वळली. ती जराही घाबरली नाही. "म्या. पट्टी लांब हाय, लांब घासली. टोपी गोल हाय, गोल घासली. त्याच्यात काय?"

"अहो बाई, हीच ती रेघ! हीच झळाळी!" साहेब ओरडलेच. मग अर्ज उघडला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "पण ही तर फियाट. अर्जात जर्मन लिहिलंय. माहिती खोटी असेल तर नियमानं बाद."

काकूंनी टेप पुन्हा उघडला. मास्तर "ते... म्हणजे आमच्याकडं..." असं चाचपडायला लागले. तेवढ्यात कडूबाईनं पातेलं उचलून साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"हे काय हाय?"

"ॲल्युमिनियम."

"हौ. जर्मनच की!"

साहेब पातेल्याकडं बघत राहिले आणि एकदम खो-खो हसत सुटले. "माझी आजी इकडच्याच चारठाण्याची. जर्मनच्या डब्यात लाडू ठेवायची. विसरलोच होतो हो!" त्यांनी 'गाडी जर्मन' खोडून 'गाडी फियाट, भाग जर्मन' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"आमच्याकडं सात गाड्यांचा असाच आरसा करून ठेवलाय," साहेब म्हणाले. "कडूबाई, आठ दिवस येता का? मानानं नेतो."

"येते. पण म्होरल्या सीटवर बसून."

कडूबाई खरोखरच पुढच्या सीटवर बसून गेली. शेडात फियाट राहिली, काकूंच्या गिरणीला अंगणातला कोपरा मिळाला, आणि कडूबाईच्या जागी मोरीत बसले मास्तर.

चौथ्या दिवशी त्यांनी घासलेलं पातेलं काकूंनी उजेडात धरलं. मास्तरांचं पेपर वाचायचं भिंग काढलं, नीट वाकून पाहिलं.

"ओरिजिनल फिनिश न्हाई," त्या म्हणाल्या. "नापास. पुन्हा घासा."