टिटवीच्या दोन ओळी

एका जंगलात, मुलांनो, एक संगीत नाटक मंडळी होती. जंगल कोणते ते विचारू नका, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ते नाही. नीट बसा आणि ऐका. नाकात बोट घालणाऱ्याला मी गोष्ट सांगत नाही.

मंडळीचे मालक होते भिकोबा अस्वल. तालीम मास्तरही तेच. मुख्य गायक होते रंगनाथबुवा घोरपड. बुवांनी एकदा सूर धरला की दोर लावून ओढला तरी सुटत नसे. आणि मंडळीत वेणू नावाची एक टिटवी होती. सात वर्षे ती मागच्या रांगेत उभी राहून सगळ्यांबरोबर नांदी म्हणत आली होती. यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःचे पद मिळाले. पद म्हणजे दोनच ओळी, पण तिच्या एकटीच्या.

नवे नाटक होते 'संगीत पाणवठा'. त्याच्या शेवटच्या अंकात वेणूने धावत यायचे आणि गायचे:

सावध, सावध, वनजन हो,
आला वाघ, पळा पळा हो!

नाटकात वाघ प्रत्यक्ष येत नसे. ती भूमिका करायला कुणी मिळाले नव्हते. ज्याला ती उत्तम आली असती, त्याला विचारायला कुणी गेले नव्हते.

उद्या पहिला प्रयोग होता. भिकोबांनी सकाळीच बजावले की ज्या पदाची आज तालीम होणार नाही, ते उद्या कापले जाईल. वेणू तेव्हापासूनच नटूनथटून जांभळीच्या बुंध्याआड उभी राहिली. तीच त्यांची विंग.

तालीम सुरू झाली. बुवांनी पहिले पद म्हटले आणि छान म्हटले. आता पुढे जायचे, असे तुम्हाला वाटेल. तुम्ही नाटक मंडळीत काम केलेले नाही, म्हणून तुम्हाला वाटते. इथे पदापेक्षा वन्समोअरची तालीम मोठी असे. त्यासाठी भिकोबांनी बारा माकडे ठेवली होती. पद संपले की माकडांनी 'वन्समोअर' ओरडायचे. मग बुवांनी हात जोडायचे, घसा बसल्याची खूण करायची, पेटी वाजवणाऱ्या खेकड्याकडे केविलवाणे बघायचे आणि मोठ्या नाइलाजाने तेच पद पुन्हा गायचे. नाइलाज शेवटच्या रांगेपर्यंत दिसला पाहिजे, असा भिकोबांचा कटाक्ष होता. पण सकाळभर नाइलाज काही जमेना. बुवा दर खेपेला फारच खूश दिसत.

मधल्या सुट्टीत सगळ्यांनी भाजलेले कंद खाल्ले. वेणूने खाल्ले नाहीत. भरल्या पोटी आवाज लागत नाही, असे तिला सांगण्यात आले होते. सांगणारे बुवाच होते. तिच्या वाटचे कंदही त्यांनीच खाल्ले.

दुपारी तिने धीर करून भिकोबांना विचारले, माझ्या दोन ओळी तेवढ्या बघता का. भिकोबा म्हणाले, बघू, आधी बुवांना मरू द्या.

बुवा तिसऱ्या अंकात मरत. बाण लागल्यावर पाऊण तास गात आणि मग मरत. त्या मरणालाही वन्समोअर मिळाला. बुवा उठले, त्यांनी हात जोडले, घशाची खूण केली आणि नाइलाजाने पुन्हा मेले. असे ते चार वेळा मेले. पाचव्यांदा मरायची त्यांची तयारी होती, पण खेकड्याच्या नांग्या दुखायला लागल्या.

तोवर उन्हे कलली. माकडे ओरडून ओरडून दमली आणि फांदीवर बसल्या बसल्या पेंगू लागली. भिकोबांनी वही मिटली.

"टिटवीबाई, तुमचं पद राहू द्या," ते म्हणाले. "दोन ओळींवाचून नाटकाचं काय अडतंय?"

वेणूला रडू फुटले. सात वर्षांनी मिळालेल्या दोन ओळी, त्याही गेल्या. फार वाईट वाटले हो तिला. सगळ्यांसमोर रडू नये म्हणून तिने तोंड फिरवले आणि त्यामुळे तिलाच ते आधी दिसले. करवंदीच्या जाळीतून वाघ येत होता. खराखुरा आणि उपाशी.

बिचारीला दुसरे काय सुचणार? जे पाठ होते तेच तोंडातून बाहेर पडले. सुरात आणि तालात, दोन्ही ओळी.

भिकोबांनी वही तोंडापुढे धरली. बुवा जांभळीवर चढून घट्ट चिकटले. माकडांना मात्र झोपेतही कळले की एक पद संपले. डोळे न उघडता बाराही जणांनी आरोळी ठोकली, "वन्समोअर!"

वाघ थबकला. तो जन्मभर कुठे ना कुठे येतच होता, पण पुन्हा या असे त्याला आजवर कुणी म्हटले नव्हते. त्याने मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते, म्हणजे हे त्याच्यासाठीच होते. तो लाजला. जाळीत परत गेला आणि पुन्हा आला, या वेळी जरा ऐटीत. तो दिसताच वेणू पुन्हा ओरडली, म्हणजे गायली. माकडांनी पुन्हा वन्समोअर दिला.

तिसऱ्या खेपेला भिकोबांची भीती गेली आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"वाघोबा, डावा पाय आधी," ते म्हणाले. "आणि बाईंची दुसरी ओळ पुरी होईपर्यंत जाळीतच थांबायचं. तुम्ही त्यांच्या सुरावर पाय देताय."

"चुकलं, मास्तर," वाघ म्हणाला आणि जाळीत गेला.

नऊ वेळा तालीम झाली. नवव्या खेपेला वाघाने उद्या किती वाजता यायचे ते विचारून घेतले. भिकोबांनी वही उघडली, वेणूचे पद कायम केले आणि त्याखाली लिहिले: वाघ, स्वतः. बुवा झाडावरूनच म्हणाले की अशाने आमचे मरण झाकले जाईल. वाघाने वर पाहिले. बुवा म्हणाले की आपण सहज बोललो.

एकच अडचण उरली. उद्या समोर ससे, भेकरे, हरणे बसणार. ती पद ऐकून पळाली तर वन्समोअर कोण देणार? म्हणून भिकोबांनी बसायच्या जागेला चारी बाजूंनी काटेरी कुंपण घालायला सांगितले. वाट एकच ठेवली, ती वाघाच्या प्रवेशाची. सगळ्यांत जास्त काटे वेणूने आणून दिले.

तात्पर्य: संकटाची सूचना नेहमी सुरात द्यावी. त्याने कुणाचा जीव वाचेल की नाही ते सांगता येत नाही, पण आपले पद कापले जात नाही.