पडद्यावरची काळी रेघ

बालमित्रांनो, प्रथम एक शब्द. ‘प्रतिपिंड’ म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला नेमके ओळखून त्यालाच बिलगणारे रक्तातले प्रथिन. नेमकेपणा हे त्याचे ब्रीद. मात्र ते त्याला पाळता यावे म्हणून इतरांना काही पथ्ये पाळावी लागतात, हे शब्दकोशात दिलेले नसते.

अशी पथ्ये पाळणारी एकच प्रयोगशाळा असलेल्या एका जंगलात सिंहाचा छावा विषारी दंशाने मेला. संशयित दोन. एक खजिनदार नाग. आपण विष केव्हाच सोडले, असे त्याने भरसभेत जाहीर केले होते. दुसरी उंदरांवर गुजराण करणारी धामण. तिच्यात विष मुळी नव्हतेच, त्यामुळे काही जाहीर करणे तिला सुचले नव्हते. दोषी ठरेल त्याला हद्दपारी होती.

दोघांची लाळ प्रयोगशाळा चालवणाऱ्या सायाळबाईंकडे आली. त्यांची रीत सरळ होती. लाळेतली प्रथिने जेलीसारख्या थरात भरून विजेचा प्रवाह सोडायचा; लहान पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती जशीच्या तशी एका पातळ पडद्यावर उतरवायची. पडद्याच्या मोकळ्या जागा दुधाने बुजवायच्या. शेवटी सशाच्या रक्तातून काढलेले, विषालाच बिलगणारे प्रतिपिंड सोडायचे. विष असेल तिथे काळी रेघ उमटते.

त्याच दिवशी प्रधान तरसाच्या अध्यक्षतेखाली पाहणी समिती आली. समितीला चहा लागतो आणि चहाला दूध. प्रयोगशाळेत पडद्यासाठी ठेवलेले तेवढेच दूध होते. सायाळबाईंनी अडवून पाहिले. समितीने दोनदा चहा घेतला आणि प्रयोगशाळेच्या शिस्तीबद्दल समाधान नोंदवले.

मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या. प्रतिपिंडे दिसेल तिथे चिकटली. नागाची बाजू काळी, धामणीची काळी, आणि जिथे कोणाचीच लाळ नव्हती तीही काळी.

“यातून काहीच सिद्ध होत नाही,” सायाळबाई म्हणाल्या. “दूध आणा, उद्या पुन्हा करते.”

“निकालाचा समारंभ आज आहे, बाई. मंडप घातलाय.” प्रधानांनी कात्री मागवली. “एवढ्या काळोखात महाराज गोंधळतील. धामणीच्या बाजूची ही एक चिंधी पुरे.”

कोपऱ्यात बसलेल्या धामणीने विचारले, “बाई, ही रेघ माझी आहे का हो?”

सायाळबाईंनी निकालावर सही दिली. दिवस मावळण्याआधी धामण हद्दीबाहेर गेली.

पंधरवड्याने दुसरा छावा तसाच मेला. आता संशयित एकच उरला होता. या वेळी सायाळबाईंनी दूध कुलपात ठेवले आणि सारी पथ्ये काटेकोर पाळली. नागाच्या बाजूला एकच ठसठशीत रेघ उमटली. ती घेऊन त्या स्वतः दरबारात गेल्या. मागची सही चुकीची होती, हेही त्यांनी सांगून टाकले.

“म्हणजे या पद्धतीत चूक होऊ शकते,” प्रधान खेदाने म्हणाले. “मग ही रेघ तरी कशी मानावी?”

दरबाराला ते पटले. नाग निर्दोष सुटला. शास्त्राच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी, असा ठराव त्यानेच मांडला.

तात्पर्य: विज्ञानावर विश्वास अवश्य ठेवावा, निकाल आधीच ठरला असेल तर डोळे मिटून ठेवावा. ही कथा सांगणारे बहुतेक जण चहाला दोष देतात. ते चूक आहे. काळा पडदा खोटे बोलत नव्हता. आपल्याला काही कळलेले नाही, एवढेच तो सांगत होता. खोटे बोलली ती कात्री. ती प्रधानांची होती, हे खरे. पण कापताना पडदा ताणून धरला होता तो सायाळबाईंनी.