पासाला पाणी लागू नये म्हणून

"टूरवाल्याच्या झेंड्यामागे मेंढरांसारखं फिरायचं? आणि तेही मी हयात असताना? शक्य नाही!"

शंकर गुरुजींनी बदलापूरच्या बेलवलीतल्या आपल्या ओसरीत ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला तिघंच होती. पत्नी सुंदराबाई, शेजारचा मधुशेठ आणि मधुशेठची बायको काशी. पण गुरुजींचा आवाज अख्ख्या शाळेच्या प्रार्थनेला पुरणारा. समोरच्या बिल्डिंगच्या तीन खिडक्या उघडल्या.

गुरुजी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिकवणं काही रिटायर झालं नव्हतं. संध्याकाळी आळीतली पोरं ओसरीवर जमत आणि गुरुजी त्यांना फुकट शिकवत. कितीही कच्चं पोर असो, गुरुजी कधी चिडत नसत. एकच मंत्र शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत, "आधी वाचा, मग लिहा. सूचना वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही!"

तर बेत असा होता. गुरुजींची लेक यशोधरा स्वित्झर्लंडमध्ये, बाझल गावी नोकरीला. तिथे तिला मुलगी झाली, मैत्रेयी. आता जूनमध्ये नातीचा पहिला वाढदिवस. सुंदराबाईंनी नातीला फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलेलं, तेही अडकत अडकत. त्यांचं मागणं एवढंच होतं की वाढदिवसाला पोर मांडीवर असावं.

पण विमानाने जाऊन लेकीकडे उतरायचं, हा साधा विचार भूगोलाच्या मास्तरांना कसा पटावा? त्यांनी फळ्यावर युरोपचा नकाशा काढला. पॅरिसला उतरायचं, तिथून रेल्वेने अ‍ॅमस्टरडॅम, मग कोलोन, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बाझल. सगळा प्रवास एका पासावर!

"पास म्हंजे आपला असतो तसा?" मधुशेठने विचारलं. जांभूळ गावाकडची जमीन विकल्यापासून त्याला जग बघायचं होतं, पण एकट्याने जायची छाती नव्हती.

"अगदी तसाच. पास खिशात, चढा गाडीत!"

"मंग मना ती समुंदराला अडवनारी बांधं दावा, गुरुजी. आमचा आजा मिठागराव व्हता, खारीचं बांध घालायचा. तुमीच सांगितलंत ना, हॉलंडवाल्यांनी आख्खा देस तसा बांधलाय म्हनून?"

"दाखवणार! मधू, तू फक्त माझ्या मागे ये."

"म्हंजे मेंढरावानीच ना?" काशी म्हणाली. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला.

यशोधराचा फोन आला. "बाबा, पासाचं एक सांगायचं होतं..."

"यशू, तुला नकाशात उत्तर दिशा कोणी शिकवली?"

"तुम्ही, बाबा. पण ऐका तरी, तुम्ही नेहमी ते..."

"मग मला शिकवू नकोस!" गुरुजींनी फोन ठेवला.

चार पास घरी आले. सुंदर जाड कव्हर, त्यावर डोंगरातून जाणारी लाल गाडी. आतला कागद मात्र गुरुजींनी चिमटीत धरून उजेडाकडे नेला. इतका पातळ! पापडाने लाजावं!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी सव्वीस जुलैच्या पुरात उल्हास नदी गुरुजींच्या घरात शिरली होती. ट्रंकेतली प्रमाणपत्रं, आदर्श शिक्षकाचं मानपत्र, यशोधराची बक्षिसं, सगळ्याचं खिमट झालं. तेव्हापासून गुरुजींनी कागदावरचा विश्वास काढून घेतला आणि प्लास्टिकवर ठेवला. रेशनकार्ड लॅमिनेट. लग्नाचा फोटो लॅमिनेट. लाइटची बिलंसुद्धा लॅमिनेट! पासपोर्ट वहीसारखा होता म्हणून वाचला. सुंदराबाई म्हणत, "मी जरा वेळ एका जागी बसले की धसकाच वाटतो. हे मलाही प्लास्टिकमध्ये घालून आणतील!"

दुसऱ्याच दिवशी गुरुजी उल्हासनगरात, आपल्या नेहमीच्या झेरॉक्सवाल्या सिंधी साईंच्या दुकानात हजर.

"गुरुजी, कव्हर के साथ मशीन में नहीं जाएगा," साईंने पास उलटसुलट करून सांगितलं. "निकालूं?"

"निकालो! कव्हर का क्या काम?"

"डबल मारता हूं. दरिया में फेंको तो भी तैर के वापस आएगा!"

पास तयार झाले. कडक, चकचकीत, कोपरे गोल. गुरुजींनी एक पास बोटावर टिचकी मारून वाजवला. टण्ण! कव्हरं त्यांनी वाया घालवली नाहीत. त्यावरची लाल गाडी पोरांना आवडेल म्हणून 'वाहतुकीची साधने' या चिकटवहीसाठी देऊन टाकली. मधुशेठच्या हातात पास देताना म्हणाले, "धर. आता पूर आला तरी काळजी नाही."

"येवस्था म्हंजे येवस्था!" मधुशेठने पास कपाळाला लावला.

पॅरिसचे दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चौघं स्टेशनात पोचली. पहिल्या प्रवासाआधी पासावर शिक्का घ्यायचा असतो असं एका पाटीवर दिसलं. गुरुजींनी कॉलर ठीक केली आणि काचेमागच्या बाईंपुढे चारही पास पत्त्यांच्या डावासारखे पसरले.

बाईंनी पासपोर्ट पाहिले, शिक्का उचलला आणि मारला. ठप्प!

शिक्का उमटला, पण थांबला नाही. अळवावरच्या पाण्यासारखी शाई गोळा झाली आणि सावकाश घरंगळत टेबलावर उतरली. बाईंनी अंगठ्याने पुसलं. अंगठा निळा, पास कोराच. पुन्हा ठप्प! पुन्हा तेच. मग बाईंनी तारीख लिहायला पेन घेतलं. पेन शेवाळावर पाय पडल्यासारखं सर्रकन कडेला गेलं. बाईंनी पास उजेडात धरला, वाकवून पाहिला, डोळे मोठे केले आणि शेजारच्या बाईला हाक मारली. त्या बाईने तिसरीला.

गुरुजींची छाती फुगली. "बघितलंस, सुंदरा? असं काम यांच्याकडे होत नसणार. उल्हासनगरचं आहे म्हणावं!"

"अहो, त्या कौतुक करताहेत असं वाटत नाही मला."

"तुला फ्रेंच येतं का?" असं म्हणून गुरुजींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "मॅडम, सी! वॉटरप्रूफ!" आणि पासावर भडाभडा पाणी ओतलं!

पासाला काही झालं नाही. साईंचा शब्द खरा ठरला. पण पाणी काचेखालून पलीकडे गेलं आणि बाईंच्या कागदांत शिरलं. बाई किंचाळल्या. रांगेतले लोक मागे सरले. मधुशेठ घाईघाईने उपरण्याने टेबल पुसू लागला, तर शिक्क्याची सगळी शाई उपरण्याला लागली आणि उपरण्याची टेबलाला!

मग एक मिशीवाले साहेब आले. त्यांनी पास पाहिले, गुरुजींना पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "कव्हर कुठे आहे?"

"इन इंडिया," गुरुजी म्हणाले. "इन... ड्रॉइंग बुक."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं! त्यांनी खुर्ची ओढली, गुरुजींसमोर बसले आणि वर्गातल्या अगदी कच्च्या मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. कव्हर काढलं की पास रद्द. लिहिता येत नाही, शिक्का बसत नाही, तरी पास रद्द. हे सगळं कव्हरवर छापलेलं असतं. मग हळूच विचारलं, "सर, तुम्ही वाचलं नाही का?"

आयुष्यभर हा प्रश्न गुरुजींनी दुसऱ्यांना विचारला होता. त्याला उत्तर नसतं, हे त्यांना आज कळलं.

अ‍ॅमस्टरडॅमची गाडी समोरून निघून गेली. गुरुजी बाकावर बसले. मान वर होईना. शेजारी सुंदराबाई नातीसाठी शिवलेल्या गोधडीची पिशवी घट्ट धरून होत्या.

"अहो, पोरीकडे पोचू ना आपण? एवढंच सांगा."

गुरुजी उठून मधुशेठपुढे उभे राहिले. "मधू, तुझे ते बांध... माझ्यामुळे राहिले रे."

मधुशेठने निळ्या झालेल्या उपरण्याची घडी घातली. "ऱ्हावं द्या हो, गुरुजी. बांध म्हंजे काय, इकडं पानी आनी तिकडं माती. आमच्या आज्यानं घातलेलं बगितलंय मी." पण बोलताना तो निघून गेलेल्या गाडीच्या रुळांकडे बघत होता, हे गुरुजींना दिसलं.

"सुंदराबायच्या नातीला बगू, चला," काशी म्हणाली. "मेंढरांना काय, कुठंपन न्या!"

हसू कुणालाच धड आलं नाही. आता एकच रस्ता उरला होता. गुरुजींनी स्टेशनातला फोन उचलला आणि नंबर फिरवला.

"यशू... ते पासाचं तू काही सांगणार होतीस."

पलीकडे एक लांब उसासा.

"बाबा, लॅमिनेट केलेत ना?"

गुरुजींना फोनची तार गळ्याभोवती गुंडाळून घ्यावीशी वाटली. "तुला कसं कळलं?"

"पुरानंतर माझं बारावीचं मार्कलिस्टही तुम्हीच लॅमिनेट केलं होतंत, बाबा. व्हिसाच्या वेळी शिक्का बसेना म्हणून किती खेटे घातले मी! आता तिथेच बसा. कशालाही हात लावू नका. आईजवळ फोन द्या."

लेकीने तिथूनच साधी तिकिटं काढून दिली. पॅरिस ते थेट बाझल, मधे कुठेच उतरणं नाही. वाढदिवसाला मैत्रेयी आजीच्या मांडीवर होती, एवढी गोष्ट मात्र बेताप्रमाणे झाली. बाकी नातीने आजोबांच्या खिशातला पास ओढला आणि दात येत होते म्हणून दिवसभर चघळला. पासावर ओरखडासुद्धा उठला नाही!

बदलापूरला परतल्यावर आळीने विचारलं, "काय गुरुजी, कसं होतं अ‍ॅमस्टरडॅम?" गुरुजी म्हणत, "हवा छान होती." ते खोटं नव्हतं, पॅरिसला हवा छानच होती.

संध्याकाळी पोरं ओसरीवर जमली. चौथीतली नेत्रा आपली चिकटवही घेऊन पुढे आली. लाल गाडीचं कव्हर तिने नीट चिकटवलं होतं, आणि आतली बाजू दिसावी म्हणून घडीसुद्धा उघडी ठेवली होती.

"गुरुजी, तुम्ही गेलात ना, तेव्हा मी सगळं वाचलं. आधी वाचा म्हणता ना तुम्ही?" तिने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. "डू... नॉट... लॅ... लॅमिनेट. गुरुजी, लॅमिनेट म्हणजे काय?"

मुलाचा प्रश्न गुरुजींनी आजवर कधी अनुत्तरित ठेवला नव्हता. आज मात्र ते खडू शोधू लागले.

तेवढ्यात सुंदराबाई चहा घेऊन आल्या. गुरुजींपुढे एक चकचकीत, गोल कोपऱ्यांचं, टणक काहीतरी ठेवलं आणि त्यावर गरम कप टेकवला.

"हे बघ, बाळ," त्या म्हणाल्या, "हे म्हणजे लॅमिनेट. चहा सांडला तरी काही होत नाही याला."