गगनभेदीच्या मोहिमेची आणि पाचव्या असामीची हकीकत

ऐकणारांनी चित्त ठिकाणी ठेवावे, हातातील मोबाईल पालथे घालावे, आणि मग ही हकीकत श्रवण करावी. थोरामोठ्यांनी मुलूख मारिले, गड घेतले, त्यांचे लिहिणारे बहुत जाहले. परंतु एका सुट्टीचे दिवशी एका कुटुंबाने पाळण्यांच्या पार्कात जाऊन जो पराक्रम केला त्याचे लिहिणारा कोणी नाही, उलट शेजारीपाजारी विचारितात की, काय हो, पाळण्यातच बसून आलात ना? ऐशा लोकांची तोंडे बंद व्हावी याकरिता हा खटाटोप. जे घडले तैसेच लिहिले आहे. पदरचा मीठमसाला आहे तो चिमूटभर.

मोहिमेच्या धनीण सूनबाईसाहेब. त्या एक्सरेच्या दवाखान्यात खिडकीपाशी बसून लोकांस वेळ नेमून देण्याची चाकरी करीत. लोक काकुळतीस येऊन, हात जोडून, आजच घ्या म्हणत, आणि सूनबाई संगणकावरील नजर न काढता गुरुवार फर्मावीत, आणि ज्यास गुरुवार मिळाला तो निमूट गुरुवारीच येई, ऐसा त्यांचा दरारा. त्यांचे यजमान सरदार रंगाचे दुकानी नोकर, घरात बसून बोलण्यात बहुत शूर. पोटी दोन अपत्ये: थोरली कन्या ताई, आणि धाकटे चिरंजीव गोट्या. आणि यजमानांच्या मातुश्री, ज्या पिशव्यांच्या किल्लेदार होत्या.

ही किल्लेदारी म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. पेशजी दोन वर्षांमागे याच पार्कावर स्वारी जाहली होती, तेव्हा फौज या पाळण्यातून त्या पाळण्यात आनंदे किंचाळत फिरली, आणि मातुश्री डबे, बाटल्या, स्वेटर, छत्र्या आणि सर्वांच्या चपला घेऊन एका बाकावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाण मांडून बसल्या. समोर गगनभेदी. गगनभेदी म्हणजे त्या मुलखातील सर्वांत उंच घसरगाडी, जी माणसांस आभाळात नेते, तेथे अंमळ थांबते, आणि मग खाली सोडून देते. तिच्या दाराशी एक पाटी होती, आणि मातुश्रींस दिवसभर दुसरा उद्योग नसल्याकारणे ती पाटी त्यांस मुखोद्गत जाहली. पाटीवर उंचीची अट होती, दुखण्यांची यादी होती, आणि सर्वांत खाली लिहिले होते की, सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांस प्रवेश नाही.

त्या गोष्टीस दोन वर्षे लोटली, आणि मग पुन्हा स्वारीची मसलत निघाली. सर्व मंडळी कपड्यांच्या घड्या घालीत बसली असता, मातुश्रींनी हातातला टॉवेल मांडीवर ठेविला आणि बोलल्या, "पुढच्या महिन्यात मला सत्तर पूर्ण होतात. मग ते मला घेणार नाहीत. मला त्या गगनभेदीत एकदा बसायचंय."

यजमान सरदार हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, या न्यायाने म्हणाले की आईला या वयात हे काय सुचले, आणि मग पिशव्यांपाशी कोण बसणार. मातुश्री टॉवेलाची घडी घालू लागल्या, आणि ती घडी त्यांनी मोडून पुन्हा घातली. सूनबाईंनी ते पाहिले. त्यांस बहुत वाईट वाटले, कारण मागील स्वारीत आपली पर्सही आपण त्या बाकावरच टाकून गेलो होतो, हे त्यांस आठवले. तेव्हा त्यांनी हुकूम सोडिला की, या खेपेस आई गगनभेदीत बसतील म्हणजे बसतील, बाकी एकही पाळणा मिळाला नाही तरी चालेल.

आता त्या मुलखाचा कायदा ऐका. रांगेत उभे राहणाराचे दिवसभरात दोन पाळणे होत; म्हणोन शहाणे लोक फोनमधून वेळ राखून ठेवीत आणि नेमल्या वेळी थेट आत जात. परंतु एक वेळ हाती असता दुसरी मागता येत नसे. पहिली वापरावी, मग दुसरी मागावी. आणि गगनभेदीच्या वेळा दोनदाच सुटत, एकदा सकाळी दरवाजे उघडता आणि एकदा ठीक दुपारी बारास, आणि सुटताच गरम भज्यांसारख्या संपत. सूनबाईंनी आठवडाभर याचा अभ्यास केला, दवाखान्यात मान खाली घालून तोच विचार केला, आणि एका गृहस्थास पायाऐवजी छातीच्या एक्सरेची वेळ देऊन बसल्या.

नेमल्या दिवशी खासा स्वारी पहाटे निघाली आणि दरवाजे उघडण्यापूर्वीच पार्काच्या वेशीस भिडली. तिकिटे दाखवून आत शिरल्यावाचून वेळ मागता येत नव्हती, आणि तिकिटे यजमानांपाशी. यजमानांनी हा खिसा पाहिला, तो खिसा पाहिला, मग सर्व खिसे उलटे केले, आणि मागील लोक पुढे जाऊ लागले, आणि मग ताईने बापाच्या टोपीत हात घातला तो तिकिटे तेथे, कारण हरवू नयेत म्हणोन त्यांनीच ती तेथे जपून ठेविली होती. आत पाऊल पडेतो गगनभेदीच्या सकाळच्या वेळा साफ संपल्या.  सूनबाईंनी यजमानांकडे नुसते पाहिले, त्या नजरेने यजमान तासभर मागून चालत होते.

तथापि हिंमत न सोडिता सूनबाईंनी दुसरी मसलत योजिली. बारापूर्वी हात मोकळा पाहिजे, आणि मुलांसही तोवर कोठे गुंतवावे, म्हणोन पाण्यातील होडीची वेळ घेतली, जी साडेअकरास आटोपती. परंतु दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तैसे जाहले. होडीच्या दाराशी पोहोचताच गोट्यास शू लागली. स्वारी थांबली. गोट्या गेले, आले, आणि अर्ध्या वाटेवर म्हणाले की आता दुसरी लागली. यजमान त्यास घेऊन धावले, सूनबाई फोनाकडे पाहून ओठ चावू लागल्या, आणि मातुश्री पिशव्या सांवरीत म्हणाल्या की पोराला घाई करू नका, पोट धरून बसेल. मग गोट्या मोकळे होऊन आले, होडी जाहली, सर्व मंडळी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि बारास अंमळ कमी असता सूनबाई काठावर उडी मारून, ओले हात बाहीस पुसून, फोन घेऊन उभ्या राहिल्या.

बारा वाजले. वेळा सुटल्या. चहूकडे हजारो अंगठे एकदम चालू लागले. फोनाने पुशिले, कोणता पाळणा. सूनबाईंनी गगनभेदी दाबिला. फोनाने पुशिले, किती असामी, तेही दाबिले. फोन अंमळ फिरत राहिला आणि मग हिरवा जाहला. जागा मिळाल्या! यजमानांनी आरोळी ठोकिली, ताई नाचली, मातुश्रींनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून सर्वांस वाटिला, आणि सूनबाई धन्य होऊन फोनावरचे अक्षर पुन्हा वाचू लागल्या, तो तेथे लिहिले होते, चार.

सूनबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. हे कैसे जाहले, त्याचे मूळ जुने होते. या घरात मोजदाद नेहमी एकाच रीतीची. सिनेमास गेले तरी चौघे आणि आई. हॉटेलात गेले तरी वेटरास सांगणे की आम्ही चौघे आणि आई, आणि मग चौघांच्या टेबलाशी वाटेत एक खुर्ची ओढून तीवर आई. इतकी वर्षे जीभ जे म्हणत आली तेच बोटाने दाबिले, तेही जिने मातुश्रींसाठीच ही मोहीम काढिली तिच्या बोटाने. पाचवी जागा मागू गेल्या, तो गगनभेदी संपला होता.

मग सूनबाई, ज्यांनी दवाखान्यात कोणाची गय केली नाही, त्या भर मैदानात रडू लागल्या. म्हणाल्या, "आई, माझी चूक झाली. मी चारच घेतल्या. माझ्या जागेवर तुम्ही बसा."

मातुश्रींनी त्यांचे डोळे पुसले आणि सांगितले की, राहू दे, मी बसते पिशव्यांपाशी, मला सवय आहे. ती सवय आहे ही गोष्ट सूनबाईंस चुकीपेक्षाही अधिक लागली. त्या हट्टास पेटल्या की आईच बसतील. तेव्हा मातुश्रींनीही आपला हट्ट काढिला. म्हणाल्या, "एकटी मी त्या पोरांबरोबर जाणार नाही. तू शेजारी हवीस."

ऐसा पेच पडला. मुलांस उठवावे तर ताईचे डोळे भरून आलेले, आणि गोट्या तर यंदाच उंचीच्या अटीत बसले होते. तेव्हा यजमान सरदार, जे आठवडाभर दुकानात सांगत होते की आपण तर गगनभेदीत पुढल्या रांगेत बसणार, ते पुढे आले, इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला, आणि म्हणाले, "खरं सांगू का, मला उंचावर गरगरतं. मागच्या वेळी मी डोळे मिटूनच बसलो होतो. द्या त्या पिशव्या इकडे."

सूनबाईंनी लग्नानंतर यजमानांकडे इतक्या कौतुकाने पाहिल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

गगनभेदीच्या दाराशी पहाऱ्यास एक तरणी मुलगी होती. तिने फोन पाहिला, चार असामी मोजिल्या, मातुश्रींकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, आणि अदबीने वय पुशिले. मातुश्री बोलल्या, "एकोणसत्तर. पुढच्या महिन्यात विचारशील तर वेगळं सांगीन." मुलगी हसली आणि दार उघडिले.

मग गाडी निघाली आणि चढू लागली, आणि माणसे लहान जाहली, झाडे लहान जाहली, आणि त्याच जुन्या बाकावर बसलेले यजमान तर एका ठिपक्याएवढे जाहले.  मातुश्री भिऊ नयेत म्हणोन, आणि खरे लिहावे तर आपणच भिऊ नये म्हणोन, सूनबाईंनी त्यांचा हात घट्ट धरिला. गाडी माथ्यावर जाऊन थांबली. वारा सुटला. तेव्हा मातुश्री म्हणाल्या, "हात सोड गं माझा. मला दोन्ही वर करायचेत."

सूनबाईंनी हात सोडिला. आणि ज्या हातांत आजवर प्रत्येक सहलीस कोणाची ना कोणाची पिशवी होती ते दोन्ही हात रिकामे आभाळात गेले, आणि गाडी कोसळली, आणि मातुश्रींनी ऐसी आरोळी दिली की पुढल्या रांगेतील तरणे लोक मागे वळून पाहू लागले. सूनबाई हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांस स्वतःस कळले नाही.

खाली उतरून केस सावरीत मंडळी बाकापाशी येतात, तो यजमान तेथे मोकळ्या हाताने उभे. पिशव्या कोठे, ऐसे पुशिता त्यांनी बाकाच्या मागे बोट दाखविले. मागे भिंतीस लागून लॉकरांची लांबच लांब ओळ. सामान ठेवावे, किल्ली खिशात घालावी, कोठेही फिरावे, ऐसी चोख व्यवस्था. सूनबाईंनी तेथील माणसास विचारिले की हे नवीन केले काय. तो म्हणाला की छे, पार्क उघडला तेव्हापासून आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मागील स्वारीत मातुश्री दिवसभर गगनभेदीकडे तोंड करून बसल्या, त्यांनी मागे पाहिले नाही, आणि बाकीच्यांनी तर बाकाकडेच पाहिले नाही. आणि यजमानांवर पिशव्यांची पाळी येऊन पाव तास जाहला नाही तो लॉकरांचा शोध लागला. ही गोष्ट सूनबाईंनी त्यांस तेथल्या तेथे ऐकविली. यजमान खाली मान घालून उभे राहिले. मातुश्री मात्र पोट धरून हसल्या, आणि मग खांद्यावरची स्वतःची पर्स काढून तीही लॉकरात टाकिली.

येणेप्रमाणे गगनभेदी सर जाहला, आणि त्यामागून आणखी तीन पाळणे घेतले, त्यांपैकी एकात यजमानही डोळे उघडे ठेवून बसले, ऐसे ते सांगतात. अंधार पडता स्वारी वेशीबाहेरील हॉटेलात उतरली. वेटर पुढे आला आणि सवयीप्रमाणे विचारिता जाहला की किती जण. यजमानांनी तोंड उघडून "चौघं" म्हटले मात्र, तो सूनबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेविला.

"पाच," त्या म्हणाल्या.

वेटराने दोन टेबले जोडिली. मातुश्री मधोमध बसल्या. या आकड्यावर मोर्तब.